शपथेनंतरचा पहिला प्रश्न

"नावच तर विचारलं होतं. चंद्रावर जा म्हणून सांगितलं नव्हतं कुणी."

नंदा हे मला सांगत नव्हती. ती सासूच्या पायातला बर्फात घालायचा बूट ओढत होती आणि जे काय सांगायचं ते बुटाला सांगत होती. दुसऱ्या पायाशी मी बसले होते, म्हणून ऐकू आलं. विमलमावशी आमच्या दोघींच्या डोक्यांवरून ग्रंथालयाच्या खिडकीबाहेर बघत होत्या. ऐकू त्यांनाही आलं असणार. पंचाहत्तरीला टेकल्या होत्या तरी कान शाबूत होते. उत्तर मात्र त्या आपल्या सवडीने द्यायच्या.

"सगळं पाठ होतं," नंदाने बूट भिंतीशी ठेवला. "सिनेटर किती, न्यायाधीश किती, झेंड्यावर पट्टे किती. झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि तिथे त्या साहेबाने नाव विचारलं तर मान खाली. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा मान खाली. ह्यांनी रजा टाकलेली, वर."

"घाबरल्या असतील गं."

"कोण? ह्या?" नंदाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "अलकाताई, आमच्या परसात हरीण शिरतं ना, त्याला ह्या चप्पल हातात घेऊन हाकलतात."

मग ती गाडीत जाऊन बसली. वर्ग संपेपर्यंत ती नेहमी गाडीतच बसायची, हीटर लावून, फोनवर बहिणीशी बोलत. तेवढाच तिला एकटीला मिळणारा वेळ असावा. मी कधी तिला आत ये म्हटलं नाही.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मिशिगनमधल्या आमच्या गावात दर गुरुवारी दुपारी, सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी आपल्या म्हाताऱ्या माणसांना अमेरिकेचं नागरिकशास्त्र शिकवायची. मी! शाळेत नागरिकशास्त्राला वीस मार्क असायचे आणि मी ते ऑप्शनला टाकायची. बारावीत आपटले, लग्न झालं, इकडे आले आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ट्रेमध्ये बटाटे वाढायला लागले. अमेरिकेची राज्यघटना मी वाचली ती ह्याच ग्रंथालयातल्या लहान मुलांच्या कपाटातून, चित्रांसकट. तीन प्रकारची सत्ता म्हणजे काय हे मला एका झाडाच्या चित्राने शिकवलं. फांदीवर एक खारही होती. ती कशासाठी होती ते अजून कळलेलं नाही.

पण मला एक गोष्ट माहीत होती, जी शिकलेल्या पोरांनाही माहीत नसायची. माणूस वयाने मोठा असला आणि त्याने ग्रीन कार्डावर पुरेशी वर्षं काढलेली असली, की नागरिकत्वाच्या परीक्षेला इंग्रजीची सक्ती नसते. प्रश्न तेच, पण उत्तर आपल्या भाषेत द्यायचं. शेजारी दुभाष्या बसतो. म्हणून तर वर्ग सुरू झाला.

विमलमावशींना हे नागरिकत्व हवं होतं ते बहिणीसाठी. गोदा नावाची धाकटी बहीण बार्शीला अंथरुणाला खिळली होती. मागच्या खेपेला मावशी तिच्याजवळ आठ महिने राहून आल्या, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दमच भरला. कार्ड अमेरिकेत राहण्यासाठी आहे, पुन्हा एवढे दिवस बाहेर राहिलात तर काढून घेऊ. नागरिक झालं, निळा पासपोर्ट हातात आला, की जा आणि राहा हवं तेवढं, कोण विचारतंय. पण पहिल्या मुलाखतीत नावाशीच गाडी अडली. अशा वेळी आणखी एक संधी देतात, दोनतीन महिन्यांत. त्यातही नाही जमलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्ष गेलं. गोदामावशींकडे वर्ष नव्हतं.

त्या दिवशी मावशी आत आल्या, तेव्हा अप्पा कुर्डेकर आधीच टेबलाशी बसून कुरकुरत होते. अप्पा एस. टी.तून निवृत्त झालेले. त्यांना अमेरिकेबद्दल एकच सांगायचं असायचं.

"शंभर सिनेटर आहेत म्हणे. शंभर! आणि ह्या गावात एक बस नाही. करतात काय दिवसभर?"

"अप्पा, बस गावाचं खातं बघतं. सिनेटर राज्याचे असतात."

"म्हणजे ढकलाढकली. हे आपल्याकडेही होतं, त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती." मग मावशींकडे वळून, मिशीत हसत, "काय विमलबाई, नाव आठवलं का?"

मी डोळे मोठे केले. पण मावशींनी शांतपणे शाल सारखी केली. "तुमचं विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुरकुरे."

त्यानंतर अप्पा अर्धा तास गप्प बसले. माझ्या वर्गात हा विक्रम होता.

मी उजळणी घेतली. एकाच शाखेच्या हातात सगळी सत्ता जाऊ नये म्हणून काय असतं? एकमेकांवर अंकुश, मावशी म्हणाल्या, जसं आमच्याकडे फ्रीजवर. नंदाने आणलेलं प्रभाकरला चालत नाही, प्रभाकरने आणलेलं नंदाला चालत नाही, म्हणून फ्रीज रिकामा आणि सगळे सुखी. कायद्याचं राज्य म्हणजे काय? पुढाऱ्यालाही कायदा लागू. नागरिक होताना आपण कोणतं वचन देतो?

"आधीच्या देशावरची निष्ठा सोडतो," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "अलका, हे सोडायचं म्हणजे किती मागपर्यंतचं?"

"मागपर्यंतचं म्हणजे?"

"म्हणजे देशच ना फक्त? का सगळंच?"

"लग्नासारखंच की ते," अप्पांना राहवलं नाही. "माहेर सोडायचं, हात वर करून हो म्हणायचं, नवीन नाव घ्यायचं."

"नाव नाही बदलत, अप्पा. देश बदलतो."

"हो का," मावशी म्हणाल्या. "मग लग्नापेक्षा बरंच म्हणायचं."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत, पण त्या विनोद करून कधीच हसायच्या नाहीत, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

माझ्या डोक्यात त्या आठवड्यात एक शहाणपणाचा किडा शिरला होता. मावशींचं कागदोपत्री पूर्ण नाव विमल जगन्नाथ देशमाने. मधलं नाव नवऱ्याचं. त्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. माझी आजी रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला पुढे करायची. आता एका अनोळखी पुरुष अधिकाऱ्यासमोर, भर कचेरीत, नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटल्यावर बाई अडणारच! मला माझ्या हुशारीचा इतका आनंद झाला की अप्पा गेल्यावर मी मावशींना थांबवून घेतलं आणि फार हळुवारपणे विषय काढला. इथे नाव घेतलं तर दोष लागत नाही, देवाला सगळं कळतं, वगैरे.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"जगन्नाथ," मग त्या म्हणाल्या. "जगन्नाथ, जगन्नाथ, जगन्नाथ. घेतलं. आता?"

मी पडलेल्या तोंडाने खडू गोळा करायला लागले.

"मग त्या दिवशी झालं तरी काय, मावशी?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. नंदाची गाडी पांढरा धूर सोडत उभी होती.

"तुमच्या त्या कचेरीत चूक आहे एक," त्या म्हणाल्या. "आधी उभं करतात, हात वर करायला लावतात, खरं बोलेन म्हणून शपथ घ्यायला लावतात. आणि मग विचारतात, नाव काय."

"पद्धतच आहे ती."

"उलटं करायला पाहिजे. आधी नाव विचारायचं. मग शपथ."

मला वाटलं हा त्यांचा नेहमीचा विनोद. मी हसले, त्यांचे बूट आणले आणि खाली वाकून घालायला लागले. गुडघे कुरकुरले. सकाळी शाळेत दोनशे ट्रे धुऊन आलेले गुडघे होते ते.

दुसऱ्या मुलाखतीला दुभाषी म्हणून मी येईन का असं नंदाच्या नवऱ्याने, प्रभाकररावांनी मला विचारलं. पहिल्या वेळी त्यांनी ओळखीचा एक मुलगा नेला होता. त्याचं मराठी पुण्यातल्या आजोळी मे महिन्यापुरतं होतं. त्या सगळ्या घोळाचं खापर त्या पोरावर फोडून सगळे मोकळे झाले होते. मी आहे म्हटल्यावर निर्धास्त, असं प्रभाकरराव म्हणाले.

हे गृहस्थ साठीचे, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. अतिशय सज्जन. आईवर जीव. त्यांचं प्रत्येक वाक्य आईने सुरू व्हायचं. त्या दिवशी गाडीत तासभर मी तेच ऐकत होते.

"आई, पट्टा लाव. आई, गोळी घेतलीस ना? आई, पाय गार पडलेत का, हीटर खाली सोडतो."

"पाय माझेच आहेत," मावशी पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "गार पडले तर सांगीन."

रस्त्याच्या कडेचा बर्फ फेब्रुवारीअखेरीला व्हायचा तसा झाला होता, काळपट, चघळून टाकल्यासारखा. नंदा माझ्या शेजारी मांडीवर डबा घेऊन बसली होती. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते, पास झाल्यावर खायला. नापास झाल्यावरही खाल्ले गेलेच असते. घरी कोणी स्वयंपाक करून ठेवला नव्हता.

कचेरीशी पोचल्यावर प्रभाकररावांनी मला जरा बाजूला घेतलं.

"अलकाताई, नावाशी जर का अडलंच... तर तुम्ही सांभाळून घ्या. तिने नुसती मान हलवली तरी तुम्ही कागदावरचं नाव सांगून टाका. पुढे सरकलं पाहिजे फक्त."

"अडणार नाही. मी बोलले आहे त्यांच्याशी."

"काय म्हणाली?" त्यांनी एकदम विचारलं. इतकं एकदम की मी दचकले.

"काही नाही. विनोद केला काहीतरी."

"हं," ते म्हणाले आणि आईच्या कोटाचं वरचं बटण लावायला गेले. ते आधीच लावलेलं होतं. त्यांनी काढून पुन्हा लावलं.

आम्हाला बोलावलं ती अधिकारी बाई होती. माझ्याच वयाची, भरल्या अंगाची, सर्दीने नाक लाल झालेली. टेबलावर रुमालांचा खोका, त्याच्या शेजारी रिकामा होत आलेला दुसरा खोका. मला ती लगेच आवडली. सुट्टी शिल्लक नसलेली बाई मी लांबून ओळखते.

आधी तिने मला उभं केलं. दुभाष्यालाही शपथ असते. जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगेन, पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही. मी हात वर केला. मग मावशींची शपथ. त्यांनी हात वर केला तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"पूर्ण नाव सांगा," बाई म्हणाली. मी मराठीत सांगितलं.

मावशींनी मान खाली घातली.

बाईने नाक पुसलं. मी मनात म्हटलं, मावशी, सांगा हो, गोदामावशी वाट बघतायत. पण म्हणायचं नव्हतं. दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं.

"कागदावरचं," मावशी हळूच म्हणाल्या, "विमल जगन्नाथ देशमाने."

सांभाळून घ्यायचं ते इथे घ्यायचं होतं. 'कागदावरचं' एवढाच शब्द गाळायचा, बस. पण हात वर करून दोन मिनिटंही झाली नव्हती. मी जसंच्या तसं सांगितलं.

"कागदावरचं?" बाईने पेन खाली ठेवलं. "म्हणजे दुसरं आहे का एखादं?"

"होतं," मावशी म्हणाल्या.

"कोणतं?"

मावशींनी मान वर केली. "द्वारका."

मी त्यांना पाच वर्षं ओळखत होते. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

बाईने अर्ज उलटसुलट केला. "इथे लिहिलेलं नाही हे. लग्नाआधीचं आहे का?"

"हो. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव तर बदलतंच, हाक मारायचंसुद्धा बदलतात."

"तुमच्याकडच्या बायका सांगतात मला अधूनमधून," बाई म्हणाली. तिने लाल पेनने अर्जात ते नाव लिहून घेतलं, मला एकेक अक्षर विचारून. मग नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात, पुढचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "बदलायचंय का? नागरिक होताना नाव बदलता येतं. तुम्हाला हवं ते घेता येतं."

मी ते मराठीत सांगितलं.

मावशींनी आधी बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे ती विचारते का तू?"

"ती विचारते. मला माझं काही विचारता येत नाही इथे."

"मला विचारते? प्रभाकरला नाही?"

मी हेही बाईला सांगितलं, सांगणं भागच होतं.

"तुम्हालाच," ती म्हणाली. "तुमच्याखेरीज दुसरं कोणी ह्याचं उत्तर देऊ शकत नाही. पण एक ऐका. नाव आहे तसं ठेवलंत तर पुढच्याच महिन्यात नागरिकत्वाची शपथ होऊन जाईल. बदलायचं असेल तर न्यायाधीशासमोर जावं लागतं. त्याच्या तारखेला वेळ लागतो. मे उजाडेल कदाचित."

मे. मी तो शब्द मराठीत उच्चारला तेव्हा मला माझ्याच जिभेचा राग आला. गोदामावशींचं मेपर्यंत काय होईल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मावशींनी डोळे मिटले. ओठ हलत होते. वाटलं, देवाचं नाव घेतायत. मग डोळे उघडून म्हणाल्या, "जगात आता एकटी गोदा आहे मला त्या नावाने हाक मारणारी. ती गेली की संपलं. तिला थांबायला सांगते. कशासाठी थांबायचं ते कळलं की थांबेल ती. लिहा म्हणावं, द्वारका."

"पुढे काय लिहू? मधलं, आडनाव?"

"ते राहू दे. जगन्नाथ नवरा होताच माझा. त्यात खोटं काही नाही."

मग प्रश्न झाले. मावशींनी एकही चुकवला नाही. राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते, जनता म्हणजे कोण, राष्ट्राध्यक्षाला काम करता आलं नाही तर कोण येतो, सगळं खडाखडा. झेंड्यावर तेरा पट्टे का, असं विचारल्यावर म्हणाल्या, पहिल्या तेरा वसाहतींचे. आणि पुढे आपणहून, की नंतर कितीही राज्यं आली तरी पहिल्या तेरांचे पट्टे कुणी पुसले नाहीत, हे मला आवडलं. बाई हसली, शिंकली आणि पास म्हणून सही केली.

बाहेर नंदाने लांबूनच माझा चेहरा वाचला आणि तिथेच लाडवाचा डबा उघडला. प्रभाकररावांनी आईला मिठी मारली. कोटासकट, टोपीसकट, लोक बघत होते तरी. साठीच्या माणसाचे डोळे भरून आले होते. मावशींनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, लहान मुलाला ढेकर येण्यासाठी थोपटतात तसं.

गाडीत बसलो. इंजिन सुरू झालं, काचेवरचं धुकं हळूहळू खालून वितळायला लागलं.

"आई, आता शपथेची तारीख आली की लगेच पासपोर्ट टाकतो. एप्रिलमध्ये तू बार्शीला. तिकीट मी बघूनच ठेवलंय. कधी म्हणाली ती, अलकाताई?"

मी मावशींकडे बघितलं. मला फक्त त्यांच्या टोपीची मागची बाजू दिसत होती.

"मेमध्ये," टोपी म्हणाली. "न्यायाधीशासमोर."

"आई, न्यायाधीश कशाला?"

"नाव बदलायचंय मला. द्वारका लावणार आहे."

मग नंदाने डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागलं नाही, तिने पुन्हा लावलं.

"अलकाताई," प्रभाकरराव आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी तुम्हाला म्हटलं होतं..."

"तिला काही बोलायचं नाही," मावशी म्हणाल्या. "तिने शपथ घेतली होती."

"आई, अगं, मेडिकेअर, बँक, औषधांची चिठ्ठी, सगळीकडे विमल आहे. एकेक कागद बदलत बसावा लागेल. डॉक्टर विमल म्हणून हाक मारतो तुला. आणि गोदामावशीचं काय? एप्रिलमध्ये जायचं होतं ना तुला? एका नावापायी..."

"लग्नात सगळ्यांचीच नावं बदलतात, आई," नंदा मागून म्हणाली. तिचा आवाज मवाळ होता, बुटाशी बोलायची तसा नव्हता. "मी तरी कुठे नंदा होते. संजीवनी होते मी. आता कुणी संजीवनी म्हटलं तर वळूनही बघणार नाही."

"तुला विचारलं होतं?"

"ह्यांनी चार नावं काढली होती. त्यातलं मी निवडलं."

"मग," मावशी म्हणाल्या. एवढंच.

प्रभाकररावांनी गाडी अजून हलवली नव्हती. मागे एक गाडी आमच्या जागेसाठी थांबून होती. तिने एकदा हॉर्न वाजवला, मग कंटाळून निघून गेली.

"आई, बाबांनी हौसेने ठेवलेलं नाव आहे ते," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र आपण काय म्हणतोय हे ऐकून घाबरलेल्या माणसासारखा होता.

"हौसेने?" मावशींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मला आता त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. राग नव्हता त्यात. थकवा होता, खूप जुना, घडी घालून ठेवलेला. "प्रभाकर, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने नाव लिहितो. मला वाटलं, विचारतील. निदान कानात तरी सांगतील. ताट समोर आलं तर नाव लिहूनच आणलेलं. मी नणंदेला विचारलं, हे कुणी निवडलं? ती म्हणाली, निवडायचं काय त्यात, घरात सगळ्यांच्या तोंडात बसलंय ते."

"आई..."

"दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले. फळीवर पितळेचे डबे होते, तांबे, पराती. सगळ्यांवर कोरलेलं, सौ. विमल जगन्नाथ देशमाने. मी कालच आले होते त्या घरात. आणि डबे घासून घासून अक्षरं झिजली होती."

नंदाने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला माहीत होतं. हे तिला माहीत आहे हे मला तिच्या मानेवरून कळलं. आणि ती किती वर्षं अशी मान फिरवत आली असेल तेही.

"वाईट नव्हतं कुणी," मावशी म्हणाल्या. "कुणी मला उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. मी पण काही बोलले नाही. चार वर्षांचं पोर दाराशी उभं होतं, बोट तोंडात घालून. त्याला सांगितलं होतं, आई गावाला गेली होती, आता आली. ते धावत आलं आणि गळ्यात पडलं. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार, बाळा, माझं नाव द्वारका म्हणून?"

त्यांनी हातमोजे काढले आणि मांडीवर एकावर एक ठेवले.

"सगळं आयुष्य ते नाव वापरलं. सांभाळून वापरलं. पण हात वर करून, ते माझं आहे असं मला सांगता येईना. त्या दिवशी नाही आलं, आजही नाही आलं."

काचेवरचं धुकं पूर्ण गेलं होतं. समोर कचेरीची भिंत होती, झेंडा होता, वाऱ्याशिवाय खाली लोंबणारा. प्रभाकररावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी चालवत असल्यासारखे घट्ट.

"माझं नाहीच ते, प्रभाकर."

मग त्यांनी हात वर करून चष्मा काढला, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य आईने सुरू झालं नाही.

"माहीत आहे मला. सातवीत होतो तेव्हापासून माहीत आहे," ते म्हणाले. "ते माझ्या आईचं नाव आहे, आई."